एम.ए. की थेट पीएच.डी.? दोन पदव्यांचा इतिहास

मी पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवतो. शेवटच्या वर्षाची मुलं-मुली हल्ली एक प्रश्न फार विचारतात. आमच्या वेळी तो प्रश्नच नव्हता. बी.ए. झालं की एम.ए., एम.ए. झालं की जमलं तर पीएच.डी., असा सरळ जिना होता. आता चार वर्षांची पदवी आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची, म्हणजे आठ सेमिस्टरची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी मिळवलेला विद्यार्थी थेट पीएच.डी.साठी अर्ज करू शकतो. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. त्यामुळे इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद की बेळगाव, घराघरात एकच चर्चा चालू असते. मुलगी म्हणते, "दोन वर्षं वाचतात, मी थेट पीएच.डी.ला जाते." आई म्हणते, "आधी एम.ए. तर पदरात पाडून घे." आणि वडील विचारतात, "पगार कधी सुरू होणार?"

तिघांचंही म्हणणं रास्त आहे. पण चर्चा अडते ती एका समजुतीपाशी. ती समजूत म्हणजे एम.ए. ही खालची पायरी, पीएच.डी. ही वरची, आणि थेट वर उडी मारणं हा काहीतरी नवा प्रकार आहे. इतिहास पाहिला तर यातलं काहीच खरं ठरत नाही. या दोन पदव्या दोन वेगळ्या घरांत जन्मल्या, वेगळ्या कामांसाठी जन्मल्या. आपल्याकडे त्या एका जिन्यात बसवल्या गेल्या त्या बऱ्याच उशिरा. ही हकिकत कळली की निर्णय आपोआप होतो असं मी म्हणत नाही. पण नेमकं काय विचारायचं ते तरी कळतं.

दोन पदव्या, दोन घरं

मध्ययुगीन युरोपात 'मास्टर' आणि 'डॉक्टर' हे जवळपास समान अर्थाचे शब्द होते. पॅरिसमध्ये कला शिकवणारा मास्टर, बोलोन्यात कायदा शिकवणारा डॉक्टर. दोघांनाही मिळत होता तो शिकवण्याचा परवाना. नवीन शोध लावला पाहिजे, अशी अट त्यात नव्हती.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने मास्टरची पदवी पुढे अशा थराला नेली की आपल्याला ऐकून गंमत वाटेल. बी.ए. झाल्यावर काही वर्षं उलटली की परीक्षा न देता एम.ए. मिळते. आजही ही प्रथा तिथे आहे. म्हणजे तिथली एम.ए. ही अभ्यासाची पायरी नाही, ज्येष्ठतेची खूण आहे. डॉ. जयंत नारळीकरांच्या चरित्रातल्या सनावळ्या पाहा. बनारस हिंदू विद्यापीठातून १९५७ साली बी.एस्सी., मग केंब्रिजला गणिताची ट्रायपॉस, १९६३ साली पीएच.डी. आणि १९६४ साली एम.ए.! आपल्या जिन्याच्या हिशोबाने हे उलटं आहे. केंब्रिजच्या हिशोबाने त्यात वावगं काही नाही.

आज आपण ज्याला पीएच.डी. म्हणतो ती जर्मनीची. १८१० साली बर्लिनचं विद्यापीठ निघालं. त्यामागे विल्हेल्म फॉन हुम्बोल्टचा विचार होता की विद्यापीठात शिकवणं आणि संशोधन वेगळं करायचं नाही. तिथल्या सेमिनारात आणि प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने स्वतः काहीतरी शोधून काढायचं, ते प्रबंधात मांडायचं आणि मग त्याने डॉक्टर व्हायचं. यातला महत्त्वाचा भाग असा की एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्यापीठात आपल्या अर्थाची बी.ए. नव्हती आणि एम.ए.ही नव्हती. शाळा कसून झालेली असे. विद्यार्थी विद्यापीठात काही वर्षं व्याख्यानं ऐकत, सेमिनारात काम करत, आणि प्रबंध लिहून थेट डॉक्टर होत. ज्याला आज आपण नवी वाट म्हणतो, ती पीएच.डी.ची मूळ वाट आहे.

ही पदवी अमेरिकेने उचलली. येल विद्यापीठाने १८६१ साली तिथल्या पहिल्या पीएच.डी. दिल्या. १८७६ साली निघालेलं जॉन्स हॉपकिन्स तर संशोधन डोळ्यांपुढे ठेवूनच उभं राहिलं. अमेरिकेने एक बदल केला: चार वर्षांची बी.ए. खाली ठेवली, तिच्यावर पीएच.डी. बसवली आणि मधली एम.ए. वाटेतला थांबा म्हणून राहू दिली. इंग्लंड मात्र फार काळ नाक मुरडत बसलं. पहिल्या महायुद्धापर्यंत संशोधन करू इच्छिणारे अमेरिकन विद्यार्थी जर्मनीला जात. ते आपल्याकडे वळावेत या विचारालाही जोर आला, आणि ऑक्सफर्डने १९१७ साली, केंब्रिजने १९१९ साली ही पदवी स्वीकारली.

आपला रामानुजन केंब्रिजला पोचला १९१४ साली. त्याआधी मद्रास विद्यापीठाने त्याला महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली होती, तीही एफ.ए.च्या परीक्षेत नापास झालेल्या माणसाला. केंब्रिजमध्ये त्याने संशोधन केलं, प्रबंध दिला, पण पीएच.डी. अस्तित्वातच नव्हती. म्हणून १९१६ साली त्याला मिळाली ती संशोधनावर दिलेली बी.ए.! काम तेच, नाव वेगळं.

आपल्याकडे एम.ए. हे शिखर होतं

भारतात १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. त्यामुळे आपली एम.ए. जन्मली ती परीक्षा म्हणून. ती ऑक्सफर्डसारखी वयाने मिळत नव्हती आणि जर्मनीसारखी शोधानेही मिळत नव्हती. ती पाठांतराने, वाचनाने, घाम गाळून मिळत होती. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ सालचे, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. दोघंही पुढे एम.ए. झाले आणि त्यापुढे चढायला पायरीच नव्हती. भांडारकरांना डॉक्टरेट मिळाली ती १८८५ साली, जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाकडून, आणि तीही सन्मान म्हणून. त्यांचं संशोधन त्याआधीच झालेलं होतं.

संशोधन करायचं असेल तर पैसा कुठून यायचा? याचं एक उत्तर मुंबईच्या एका व्यापाऱ्याने दिलं. प्रेमचंद रायचंद यांनी कलकत्ता विद्यापीठाला मोठी देणगी दिली आणि त्यातून त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. जदुनाथ सरकार हे १८९२ साली कलकत्त्याहून इंग्रजीत एम.ए. झाले आणि पुढे ही शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्यातून औरंगजेबाच्या काळावरचं त्यांचं पहिलं पुस्तक उभं राहिलं. मराठ्यांच्या इतिहासाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या सरकारांकडे मेहनतीने मिळवलेली पीएच.डी. नव्हती. त्यांचे स्नेही, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बी.ए. होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडेही बी.ए.च. विज्ञानात पाहायचं तर सी. व्ही. रामन १९०७ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून एम.ए. झाले, सरकारी अर्थखात्यात नोकरीला लागले आणि फावल्या वेळात कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत काम करत राहिले. पीएच.डी. त्यांनी कधी केली नाही.

ही नावं घेतली की वर्गातून हमखास एक आवाज येतो, "मग सर, पदवीची गरजच काय?" इथे जरा थांबायला हवं. त्या काळात पीएच.डी. आपल्याकडे मिळतच नव्हती, म्हणून ती नोकरीसाठी कुणी मागतही नव्हतं. आज मागतात. त्यामुळे राजवाड्यांचं उदाहरण जिद्दीसाठी घ्यावं, नोकरीच्या अर्जासाठी घेऊ नये.

प्रबंध लिहून एम.ए.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्र पालटलं. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा दिली. कलकत्त्यात आशुतोष मुखर्जींनी पदव्युत्तर विभाग उभे केले, मुंबईत १९१९ साली अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा विभाग निघाला. इथे एक फार उपयोगी गोष्ट घडली, ती म्हणजे प्रबंध लिहून मिळणारी पदव्युत्तर पदवी. परीक्षेचा सांगाडा इंग्रजांचा, आत्मा जर्मन.

इरावती कर्वे यांचं उदाहरण घ्या. १९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानात बी.ए. मग दक्षिणा फेलोशिप घेऊन मुंबईला गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. १९२८ साली चित्पावन समाजावरच्या प्रबंधावर एम.ए. त्याच वर्षी त्या बर्लिनला गेल्या आणि १९३० साली मानववंशशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशवादी विचारांचे. मानवी कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेवर इरावतीबाईंनी काम केलं, आणि मार्गदर्शकाच्या वंशश्रेष्ठतेच्या कल्पनेला आकडे दुजोरा देत नाहीत हे लिहायला त्या कचरल्या नाहीत. परदेशात, परक्या भाषेत, आपल्या गाईडला न रुचणारा निष्कर्ष लिहायचा तर आधी स्वतःच्या हाताने एक प्रबंध लिहिलेला असावा लागतो. इरावतीबाईंच्या गाठीला तो होता. पैशाची बाजूही पाहा. सासरे महर्षी कर्वे यांना हे जर्मनीला जाणं पसंत नव्हतं; खर्चासाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं होतं. पती दिनकर कर्वे स्वतः लाइपझिगचे रसायनशास्त्रातले डॉक्टर होते, त्यामुळे या शिक्षणाला काय लागतं हे घरात एका माणसाला तरी ठाऊक होतं.

दुसरं उदाहरण कमला सोहोनी, म्हणजे माहेरच्या कमला भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला तर संचालक रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा अटींवर प्रवेश मिळाला. १९३६ साली प्रथिनांवरच्या संशोधनावर एम.एस्सी. झाली. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या घटकावर काम केलं आणि दीड वर्षाच्या आत आटोपशीर प्रबंध देऊन १९३९ साली पीएच.डी. मिळवली. दीड वर्षात पीएच.डी. हे ऐकून आजचा विद्यार्थी चक्रावतो. पण त्या दीड वर्षामागे बंगळुरूची प्रयोगशाळेतली वर्षं होती. ज्याला आपण 'मधली दोन वर्षं वाया' म्हणतो, त्या वर्षांत हात तयार झाला होता.

एवढ्यावरून 'एम.एस्सी. कराच' असं सांगता येईल का? नाही. कारण त्यांची एम.एस्सी. संशोधनाची होती. आज कित्येक ठिकाणची पदव्युत्तर पदवी म्हणजे चार सेमिस्टरच्या परीक्षा, पाठ केलेल्या नोट्स आणि शेवटी घाईघाईने बांधलेला प्रकल्प. तीत हात तयार होत नाही. पदवीचं नाव एकच असलं तरी आत काय भरलं आहे ते पाहायला हवं.

आंबेडकरांची चौदा वर्षं

आता ज्या उदाहरणावर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, तिकडे येतो. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपण सगळे पाठ म्हणतो. पण त्या यादीतल्या सनांमधलं अंतर फार कमी लोक पाहतात, आणि आपला आजचा प्रश्न त्या अंतरातच आहे.

१९१२ च्या परीक्षेत मुंबई विद्यापीठाची बी.ए. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण झाल्यावर बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार होता. जुलै १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. १९१५ साली एम.ए. झाले. लगेच डॉक्टरेटच्या कामाला लागले. मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा निबंध एका सेमिनारात वाचला. त्याच वर्षी लंडनला जाऊन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं.

आणि १९१७ साली शिष्यवृत्ती संपली. परत यावं लागलं.

हातात काय होतं ते पाहा. कोलंबियाची पीएच.डी. झालेली नव्हती. तिथला नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्यायच्या, तेव्हाच पदवी मिळायची, आणि छापायला पैसे लागतात. लंडनची पदवी अर्धवट. बॅरिस्टरी अर्धवट. पूर्ण झालेली एकच गोष्ट होती, एम.ए. करारानुसार बडोद्याला रुजू झाले. तिथे काय झालं ते सर्वांना माहीत आहे: राहायला जागा मिळेना, कचेरीत अपमान, आणि थोड्याच दिवसांत नोकरी सोडावी लागली. पुढे १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून जागा मिळाली. त्या वेळी अर्जावर लिहिण्यासारखी परदेशी पदवी होती ती १९१५ ची एम.ए.

त्या पगारातून पै-पै साठवली. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी उसने पैसे दिले. १९२० साली पुन्हा लंडन. १९२१ साली एम.एस्सी. मग रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध, त्यात परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवल्या, त्या करून १९२३ साली डी.एस्सी. आणि कोलंबियाची पीएच.डी.? ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापला गेला आणि पदवी मिळाली ती १९२७ साली. न्यूयॉर्कला पाऊल ठेवल्यापासून चौदा वर्षांनी.

बुद्धी कमी पडली म्हणून चौदा वर्षं लागली नाहीत. मध्ये पैसा तुटला, नोकरी तुटली, जातीने वाट अडवली. अशा तुटलेल्या वाटेवर पूर्ण झालेली एम.ए. हा पायाखालचा दगड होता. त्यावर उभं राहून पुढचं पाऊल टाकता आलं. डॉक्टरेटचं असं आहे की ती पूर्ण झाली तर झाली, नव्वद टक्के झाली तरी कागदावर शून्य. तेलिचेरीच्या जानकी अम्माळ यांनीही मिशिगनला आधी मास्टर्स केलं, परत येऊन मद्रासला शिकवलं, पुन्हा गेल्या आणि १९३१ साली डॉक्टरेट घेतली. ज्यांच्यामागे घरचा पैसा नव्हता, किंवा समाजाने ज्यांच्यासाठी वाट मोकळी ठेवली नव्हती, त्यांनी ही चढण एका दमात केलेली फार दिसत नाही. त्यांना मधे टेकायला जागा लागली.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार हेच आहे. मास्टर्स आणि डॉक्टरेट यांत श्रेष्ठ-कनिष्ठ पाहू नका. मास्टर्स म्हणजे जिथे थांबलं तरी हातात काही राहतं अशी जागा. डॉक्टरेट म्हणजे मधे थांबलं तर हात रिकामे. थेट पीएच.डी.ला जाणारा विद्यार्थी दोन वर्षं वाचवतो हे खरं, पण त्या बदल्यात थांब्याची सोय सोडून देतो. हा व्यवहार कुणाला परवडतो, हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

स्वातंत्र्यानंतर: फेलोशिप, एम.फिल. आणि आता

स्वातंत्र्यानंतर आपण पदव्यांचा सरळ जिना केला. बी.ए., एम.ए., आणि मग पीएच.डी. सत्तरच्या दशकात मधे आणखी एक पायरी आली, एम.फिल. अनेकांनी तिची चेष्टा केली. पण लहान गावातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कुणी विद्यापीठ पाहिलं अशा विद्यार्थ्यांसाठी एम.फिल. ही वर्ष-दोन वर्षांची तालीम होती. एक छोटा प्रबंध लिहून पाहायचा, आपल्याला हे जमतं का, आवडतं का ते ताडायचं, आणि नाही जमलं तरी पदवी घेऊन बाहेर पडायचं. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झाली. म्हणजे एकाच नियमावलीने वरची वाट खुली केली आणि मधला एक थांबा काढून घेतला.

पैशाच्या बाजूने मात्र आजचा विद्यार्थी पूर्वीपेक्षा बऱ्या स्थितीत आहे. नेट परीक्षेतून ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी सीनियर झाल्यावर ४२,००० रुपये. घरभाडे वेगळे. पण फेलोशिप नसलेल्या विद्यार्थ्याची पीएच.डी. आणि ही पीएच.डी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमाने किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. मुदतीची मर्यादा वाढली म्हणून घरचा खर्च थांबत नाही.

जगात पाहिलं तर तीन रीती आहेत. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.; चांगल्या ठिकाणी फी माफ, वर विद्यावेतन, पहिली वर्षं अभ्यासक्रमाची, आणि अनेक ठिकाणी मधे सोडलं तर एम.ए. हातात. युरोपात १९९९ च्या बोलोन्या करारानंतर बहुतेक देशांत तीन अधिक दोन अशी रचना आली, म्हणजे डॉक्टरेटआधी मास्टर्स लागतेच. ज्या जर्मनीने थेट डॉक्टरेट शोधली तिनेच नंतर मधली पायरी बांधली. तिसरी रीत आपल्याकडे बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे, एकात्मिक पीएच.डी. प्रवेश पदवीनंतर, सुरुवातीला मास्टर्सचा अभ्यास, मग संशोधन. यात वेग आहे आणि थांबाही आहे. माझ्या मते सर्वांत शहाणी रचना हीच, पण जागा फार थोड्या आणि बहुतेक विज्ञानात. भाषा, इतिहास, समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलांना ती क्वचितच मिळते.

मग विचारायचं काय?

मी विद्यार्थ्यांना निर्णय सांगत नाही. पण या इतिहासातून निघणारे चार प्रश्न कागदावर लिहायला लावतो.

पहिला: पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पैसे कोण देणार? तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि पाच वर्षांचं काम, हे गणित १९१७ साली तुटलं होतं, आजही तुटतं. फेलोशिपची मुदत आणि प्रबंधाला लागणारा खरा काळ शेजारी शेजारी लिहा.

दुसरा: दोन वर्षांनी सोडावं लागलं तर हातात काय राहील? घरातलं आजारपण, लग्न, गाईडशी न जुळणं, काहीही होऊ शकतं. मधे बाहेर पडताना मास्टर्स मिळेल का, हे प्रवेशाच्या वेळी लेखी नियमात पाहा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

तिसरा: तुमच्याकडे प्रश्न आहे का? विषय नव्हे, प्रश्न. 'पेशवाई' हा विषय झाला. 'अमुक परगण्यात दुष्काळाच्या वर्षी सारा कसा वसूल झाला' हा प्रश्न झाला. प्रश्न असेल आणि तो सोडवायला लागणारी साधनं हाताशी असतील, इतिहासात मोडी, फारसी किंवा पोर्तुगीज, विज्ञानात प्रयोगशाळेची सवय, तर थेट जाणं शहाणपणाचं ठरू शकतं. नसेल तर एम.ए.ची दोन वर्षं ती साधनं कमावण्यासाठी घ्या, आणि प्रबंध लिहायला लावणारा विभाग निवडा.

चौथा: ज्या नोकरीसाठी हे करताय ती नोकरी काय मागते? सहायक प्राध्यापक पदासाठी आयोगाच्या २०१८ च्या नियमांत ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी हा पाया आहे. चार वर्षांच्या पदवीवर नेट देणाऱ्यालाही फेलोशिप आणि पीएच.डी. प्रवेशाची वाट मिळते, प्राध्यापकीची पात्रता मिळत नाही. नियम बदलत असतात. ज्या पदाकडे तुमची नजर आहे त्याची ताजी जाहिरात काढून पात्रतेचा रकाना आधी वाचा, मग दोन वर्षं वाचवायची का ते ठरवा.

काही जण दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव पुढे करतात. गोव्यात जन्मलेले कोसंबी १९२९ साली हार्वर्डचे बी.ए. झाले. पुढे एम.ए. नाही, पीएच.डी. नाही. तरी बनारस, अलिगढ, फर्ग्युसन आणि टाटा संस्था इथे गणित शिकवलं, संशोधन केलं, आणि भारताच्या इतिहासाकडे पाहण्याची रीत बदलली. अभिमान वाटावा असंच उदाहरण आहे. पण १९२९ मध्ये ज्या दारातून कोसंबी आत गेले ते दार आज बंद आहे. एक माणूस भिंतीवरून चढून गेला म्हणून सगळ्यांना भिंत दाखवायची नसते, दार कुठे आहे ते दाखवायचं असतं.

आईवडिलांनाही एक सांगतो. मुलगी थेट पीएच.डी. म्हणाली की ती घाई करतेय असं लगेच धरून चालू नका. जर्मनीत शंभर वर्षं असंच चाललं होतं. आणि मुलांनो, घरचे 'आधी एम.ए.' म्हणाले तर त्यांना मागासलेले समजू नका. वाटेत टेकायला जागा असावी हे शहाणपण त्यांनी नियमावलीतून नाही, आयुष्यातून शिकलेलं असतं. चौघांनी बसा, वरचे चार प्रश्न मधे ठेवा आणि आकडे मांडा. बहुतेक घरांत वाद निम्म्याने कमी होतो, कारण मग बोलणं मानाचं राहत नाही, महिन्यांचं आणि रुपयांचं होतं.

पुढच्या भागात आपण याच रस्त्यावरचं आणखी एक ठाणं पाहणार आहोत, गाईड आणि विद्यार्थी यांचं नातं आपल्याकडे कसं घडत गेलं. तोवर आज इथेच थांबतो.